पंपवाल्या भाऊरावांच्या लेकीचे दात

मुलुंडच्या बाजारातल्या त्या साडीच्या दुकानात कधी गेलात, तर पैठणीच्या कप्प्यापाशी एक मध्यम वयाची, ताठ बांध्याची बाई भेटेल. तोंडावर मास्क. साडी अशी उलगडून दाखवेल की गिऱ्हाईक पर्स उघडायच्या आधीच मनातून ती नेसून मोकळं झालेलं असतं. ही सुलक्षणा. लग्न होऊन घाटकोपरला आली तेव्हापासून याच दुकानात आहे, आणि तिला तोंडभर हसताना पाहिलंय असं सांगणारं माणूस अख्ख्या बाजारात सापडायचं नाही.

करोनात सगळं जग मास्कला शिव्या घालत होतं, तेव्हा ही एकटी बाई सुखात होती. पुढे जगानं मास्क काढून फेकला, हिनं काढला नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, धुळीचा त्रास आहे. धुळीचा त्रास कसला! त्रास होता दातांचा. वरचे समोरचे दात तपकिरी, त्यांवर आडवे खडूसारखे पट्टे, आणि मधेमधे टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे. असे दात दिसले की आपल्याकडे कुणी काही विचारत नाही. मनातल्या मनात ठरवून टाकतात, बाई मशेरी लावते.

आणि सुलक्षणानं जन्मात तंबाखूला बोट लावलेलं नाही. हे तिनं सासूला सांगितलं, जावांना सांगितलं, शेजारणींना सांगितलं. नवरा नंदकिशोर स्वभावानं गरीब, तो म्हणाला, "बरं." आता 'बरं' म्हणजे विश्वास बसला असं नव्हे, हे कुठल्याही बायकोला कळतं. पण सगळ्यांत जास्त वेळा तिनं हे ज्यांना सांगितलं ते तिचे वडील, भाऊराव. आणि सगळ्यांत कमी विश्वास बसला तोही त्यांचाच.

भाऊराव यवतमाळकडचे. आई गेल्यावर सुलक्षणानं त्यांना मुंबईला आणलं. वय ऐंशीला टेकलेलं. पाठ फळीसारखी ताठ, मान वळत नाही; बाजूला बघायचं तर अख्खं अंग फिरवावं लागतं. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात राबलेला माणूस, हाडं झिजायचीच, असं सगळेच म्हणत. तेही म्हणत. पण एक गोष्ट निघाली की हा म्हातारा ताठ पाठीनं खुर्चीत आणखी ताठ व्हायचा. ती गोष्ट म्हणजे पंप.

गावात पाण्याची विहीर होती ती वरच्या आळीला. तिथं यांच्या वस्तीला पाणी भरू देत नसत. आता देत नसत म्हणजे काठी घेऊन कुणी उभं राहत नसे. पण बाई गेली की दोर काढून ठेवलेला असायचा, नाहीतर कुणीतरी आधी भरत बसलेलं असायचं आणि ते भरणं दुपारपर्यंत संपत नसे. मग वस्ती नाल्यात झिरे खणून पाणी प्यायची. तरण्या भाऊरावांनी तालुक्याच्या कचेरीत खेटे घातले, साहेबाच्या जीपसमोर आडवे पडले, आणि वस्तीत हातपंप आणला. खोल बोअर मारलेला, सरकारी, हक्काचा. त्याच साली ही मुलगी झाली, म्हणून तिचं नाव सुलक्षणा. तेव्हापासून पंचक्रोशीत त्यांना पंपवाले भाऊराव म्हणत, आणि भाऊरावांना ते नाव जन्माच्या नावापेक्षा प्यारं होतं.

असा हा माणूस. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून दारू-तंबाखू शिवायची नाही म्हणून ठाम. आणि त्याच्याच पोटची मुलगी तोंड उघडते तर दात हे असे! ती शाळकरी असताना त्यांनी तिला वस्तीसमोर उभं करून थोबाडीत मारली होती. "खरं सांग, कोनाची मिश्री चोरते?" ती रडत म्हणाली होती, नाही खात बाबा. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, आणि ते आजतागायत बदललं नव्हतं. "शेवंती तुयी सख्खी बहीण. एकाच पंपाचं पाणी पेल्या दोघी, एकाच ताटात जेवल्या. तिचे दात पाह्य अन् तुये पाह्य."

थोरल्या शेवंतीचे दात मोत्यासारखे. यावर सुलक्षणा काय बोलणार? कपाळ!

तर अशी ही बाई दात झाकत-लपवत आयुष्य काढत होती. पण दुकानाचे मालक चंद्रप्रकाशशेठ यांनी मोबाईलवरून लाइव्ह साड्या विकायला सुरुवात केली. कॅमेऱ्यापुढे हसायला तेजल नावाची नवी मुलगी, आणि साडीची माहिती सांगायला कॅमेऱ्यामागून सुलक्षणा. तेजल नुसते ओठ हलवायची. एक दिवस बायकांनी लिहायला सुरुवात केली, आवाज कुणाचा आहे, त्या ताईंना पुढे आणा. शेठ म्हणाले, "सुलक्षणाबेन, तुम्हीच या ना पुढे. फक्त ते दात जरा करून घ्या. हल्ली व्हिनिअर बसवतात, आमच्या भाचीनं बसवले. एकदम मस्त." आणि जाता जाता म्हणाले, "मशेरी मात्र सोडावी लागेल हां."

इतक्या वर्षांनी शेठही तेच! त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. पण व्हिनिअर हा शब्द मात्र डोक्यातून हलेना. तेजलनं मोबाईलवर वाचून सांगितलं, दाताच्या पुढच्या बाजूवर चिकटवायचा चिनी मातीचा पातळ पापुद्रा. नखाएवढा जाड, पण दिसतो खऱ्या दातासारखा. सुलक्षणानं ठरवलं, बसवायचेच. आता लोकांना पटवत बसायचं नाही.

पहिला दवाखाना अंधेरीचा, तेजलनंच शोधलेला. आत शिरल्यावर वाटावं की दागिन्यांचं दुकान आहे. डॉक्टर तरुण, सुगंधी, घाईत. दोन मिनिटं तोंडात बघितलं आणि म्हणाला, "वीस दात करून टाकू. एकदम पांढरे शुभ्र. तंबाखू बंद करायची, मावशी. दोन भेटींत काम फिनिश."

सुलक्षणा जन्मभर साड्या विकत आलेली. गिऱ्हाइकाला ती स्वतःच सांगते, साडी दिव्याखाली बघू नका, दारात उजेडात न्या, आणि पदर उलटा करून मागची बाजू बघा. तिनं विचारलं, "तुम्ही केलेलं एखादं तोंड बघायला मिळेल?"

डॉक्टरनं भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. एक गोरी बाई बत्तीस दात दाखवून हसत होती.

"ही बाई तुमच्याकडे आली होती? कुठं राहते?"

डॉक्टर नुसता हसला. "आणि दात घासावे लागतात का हो आधी?" तर म्हणे, "ते आमच्यावर सोडा." सुलक्षणा पर्स उचलून खाली आली. खऱ्या रेशमाची खात्री मागितली की दुकानदार जसा "आमच्यावर सोडा" म्हणतो, तसलंच हे उत्तर. तिथं थांबायचं नसतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

दुसरा पत्ता मिळाला तो दुकानातच, आणि मिळताना जोराचा धक्का देऊन गेला. रुचिरा नावाचं तिचं जुनं गिऱ्हाईक, सणासुदीला साडी घेणारी, भरपूर हसणारी. सुलक्षणा तिच्याजवळ सहज बोलून गेली की दात करायचे आहेत, पण चांगला डॉक्टर कसा ओळखावा कळत नाही. रुचिरा म्हणाली, "अगं, माझे समोरचे चार चिनी मातीचेच आहेत."

सुलक्षणा बघतच राहिली. ज्या बाईच्या दातांचा वर्षानुवर्षं तिनं हेवा केला, ते दात खोटे! तिनं रुचिराला चक्क दुकानाच्या दारात उजेडात नेलं. कुठला खरा, कुठला खोटा, ओळखता येईना. शेजारच्या दाताला असते तशी बारीक पिवळट झाक, कडेला तसाच पाण्यासारखा पारदर्शकपणा. "स्कूटरवरून पडले होते," रुचिरा म्हणाली, "ज्यांनी दात केले त्या डॉक्टरबाई मुलुंडलाच आहेत. पण एक सांगते, त्या घाई करत नाहीत. पहिल्या दिवशी तर नुसते प्रश्नच विचारतात. मला वाटलं, दात बघणार की मुलाखत घेणार!"

केलेलं काम दिसतच नाही, याहून मोठी ओळख कुठली हवी? सुलक्षणानं त्याच दिवशी फोन लावला.

डॉक्टर रेवतींचा दवाखाना एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. भिंतीवर कुणाचा फोटो नाही. सुलक्षणा खुर्चीत बसली, मास्क काढला आणि सवयीनं आधीच बोलून टाकलं, "मी मशेरी लावत नाही. तुमचा विश्वास बसणार नाही, पण नाही लावत."

रेवतीबाईंनी छोटा आरसा आत घालून दातांच्या मागच्या बाजू बघितल्या. हिरडीच्या कडा बघितल्या. डावा दात, उजवा दात, जोडी लावून बघितले. मग आरसा बाजूला ठेवला.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "हे तंबाखूचं नाहीच आहे."

सुलक्षणाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "काय म्हणालात?"

"तंबाखूचा डाग बाहेरून चढतो. मागच्या बाजूला, हिरडीजवळ, जिथं ब्रश पोचत नाही तिथं आधी बसतो. तुमचं ते सगळं स्वच्छ आहे. हा रंग दाताच्या आतून आलाय. दोन्ही बाजूंना सारखा, आडव्या रेघांत. दात हिरडीत तयार होत होता तेव्हाच तो तसा झाला. तुमचं लहानपण कुठं गेलं? पाणी कुठलं प्यायचात, साधारण आठ वर्षांच्या होईपर्यंत?"

 अख्ख्या जन्मात नुसतं तोंडात बघून तिचं खरं मानणारं हे पहिलं माणूस. तिला त्या बाईंच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. ती घाईघाईनं म्हणाली, "यवतमाळकडं. पाणी हातपंपाचं. खोल बोअरचं, चांगलं पाणी हो. माझ्या बाबांनीच आणला होता तो पंप."

 रेवतीबाईंनी सावकाश समजावलं. काही भागांत जमिनीखालच्या खडकातच फ्लोराइड असतं. बोअर जितकं खोल, तितकं बहुतेक ते जास्त. वरच्या उथळ विहिरीला, नाल्याच्या पाण्याला तितकं नसतं. पाणी दिसतं नितळ, लागतं चांगलं, आणि लहान मुलांचे दात आतून बिघडवतं.

"पण माझी बहीण?" सुलक्षणा जवळजवळ ओरडलीच. "तीही तेच पाणी प्यायली! तिचे दात मोत्यासारखे आहेत!"

"पंप आला तेव्हा ती केवढी होती?"

सुलक्षणानं मनातल्या मनात वर्षं मोजली. पंप आला तेव्हा शेवंती चौथीत होती. डोक्यावर घागर घेऊन पाणी आणण्याएवढी मोठी.

"तिचे दात तोवर तयार झाले होते," रेवतीबाई म्हणाल्या. "तुम्ही जन्मापासून प्यायलात."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.  बाबांचा पंप. ज्याच्यासाठी ते जीपसमोर आडवे पडले, ज्याच्या नावानं गाव त्यांना ओळखतं, तो पंप. आणि ज्या विहिरीवर यांना चढू दिलं नाही, त्या विहिरीचं पाणी चांगलं होतं. वरच्या आळीची पोरं पांढऱ्या दातांनी हसत यांना म्हणायची, तुमच्या वस्तीतली पोरं जन्मतःच तंबाखू खातात!

रेवतीबाई दातांबद्दल सांगत होत्या, ते तिच्या कानावर तुकड्या-तुकड्यांनी पडत होतं. लगेच व्हिनिअर लावायचे नाहीत. आधी वरचा थर हलका घासून, डाग फिके करून बघायचे. त्यानं भागलं तर उत्तमच. नाहीच भागलं तर फक्त समोरचे सहा, कारण व्हिनिअरसाठी दात थोडा खरवडावा लागतो आणि खरवडलेला दात परत भरून येत नाही. असल्या दातांवर पापुद्रा चिकटवतानाही जास्त काळजी घ्यावी लागते. त्याआधी कच्चा नमुना तोंडात लावून देईन, आरशात बघा, बोला, हसा, पटलं तरच पुढे. पुढच्या आठवड्यात सुरू करू.

आणि मग त्यांनी विचारलं, "बाबा आहेत ना? त्यांनीही तेच पाणी प्यायलं असेल. पाठ, गुडघे कसे आहेत त्यांचे?"

"पाठ ताठ आहे. मान वळत नाही. पण ते वयानं..."

"मी दातांची डॉक्टर, हाडांचं नक्की सांगणार नाही," रेवतीबाई म्हणाल्या, "पण हेच पाणी हाडांतही बसतं. त्यांना हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि पाण्याचं त्यांना नक्की सांगा, लपवू नका."

सांगा! सांगायला काय जातंय? घाटकोपरपर्यंत रिक्षात बसून सुलक्षणा एकच गोष्ट उलटसुलट करत राहिली. मी खोटं बोलत नव्हते, हे बापाच्या तोंडून ऐकण्यासाठी ती आयुष्यभर तळमळली होती, आणि आज पुरावा हातात होता. पण तो त्यांच्यापुढे ठेवायचा म्हणजे त्यांचा पंप त्यांच्याकडून काढून घ्यायचा. ऐंशीच्या माणसाकडे दुसरं होतं काय? तिनं ठरवलं, नाही सांगायचं. हाडांच्या डॉक्टरकडे काहीतरी निमित्त काढून न्यायचं. मशेरीवाली म्हणतात, म्हणू देत.

घरात पाऊल टाकलं तर भाऊराव खिडकीपाशी खुर्चीत. त्यांनी अख्खं अंग फिरवून तिच्याकडे पाहिलं. "जाऊन आली दातवाल्याकडं? काय म्हने तो? मिश्री सोड म्हने का नाही?"

आणि सुलक्षणाचा तोल गेला. ठरवलेलं सगळं गेलं वाऱ्यावर.

"मिश्री नाही, बाबा! पाणी! तुमच्या पंपाचं पाणी!"

भाऊराव हसले. "हे बरं शोधून काढलं. अन् शेवंती? ते कोनतं पानी पेली? एकाच..."

"पंप आला तेव्हा ताई चौथीत होती! तिचे दात तयार झाले होते. मी पंप आला त्या साली जन्मले!" आणि मग तिनं डॉक्टरबाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं, थांबता येईना म्हणून सांगितलं. खडक, खोल बोअर, विहिरीचं उथळ पाणी, हाडं, मान. सांगून झाल्यावर ती हमसून हमसून रडली.

 भाऊरावांचे ओठ हलायला लागले. सुलक्षणाला आधी वाटलं, म्हातारा शिव्या देतोय. मग तिच्या लक्षात आलं की ते नावं घेत आहेत. वस्तीतल्या पोरांची नावं. "श्यामकांत... पंपानंतरचा. कमल... पंपानंतरची. खंडूचा धाकटा भाऊ... पंपानंतरचा." एकेक नाव घेत होते आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडत होता. जयंतीला दरवर्षी याच पोरांना रांगेत उभं करून त्यांनी तंबाखू सोडायच्या शपथा घ्यायला लावल्या होत्या. ज्यांनी कबूल केलं नाही त्यांना जयंती मंडळातून काढून टाकलं होतं. "सगळे पंपानंतरचे," ते म्हणाले. "एकबी आधीचा नाही वं."

"तुम्हाला काय माहीत होतं, बाबा?" सुलक्षणा त्यांच्या पायाशी बसली. आता तिला आपण सांगितलं याचीच भीती वाटायला लागली होती.

"मंग तू खोटं बोलत नोती," भाऊराव म्हणाले. तिनं जन्मभर वाट बघितलेलं वाक्य. पण ते इतक्या मेल्या आवाजात आलं की ते मागे घ्या असं तिला म्हणावंसं वाटलं.

मग त्यांनी फोन मागितला. गावाला पुतण्याला, खंडूला लावायला सांगितला. मोठ्या आवाजावर लाव म्हणाले.

"खंड्या, पंप चालू हाय का रे अजून?"

"चालू हाय ना काका. नळाला आठवड्यातून एखाद दिवस येते पानी. बाकी सारी वस्ती तुमच्या पंपावरच हाय. माही नात बी आता हापसते," खंडू कौतुकानं म्हणाला.

भाऊरावांनी डोळे मिटले. "त्याचं हँडल काढून ठेव. आजच. त्या पान्यानं पोराहिचे दात गेले अन् मानसाहिची हाडं. पंचायतीला सांग, पानी तपासा. भाऊरावानं सांगितलं म्हन."

 खंडू दबकत म्हणाला, "अन् पानी कुठून आनाचं, काका?"

"वरच्या विहिरीवरून."

"ते भरू देतीन का?"

"विहीर गावाची हाय," भाऊराव म्हणाले. "थांब, मी येतो."

सुलक्षणा दचकून उठली. ज्या माणसाला मान वळवता येत नाही तो रात्रभराचा प्रवास करून विहिरीवर जाणार! "बाबा, वेड लागलंय का? तुम्हाला दोन जिने उतरवत नाहीत!"

"तू धरशील ना," ते म्हणाले. मग अख्खं अंग तिच्याकडे वळवून त्यांनी विचारलं, "ते नवे दात कधी बसवते?"

"पुढच्या आठवड्यात सुरू करणार आहेत."

"दम धर जराशी. आपलं कोनी आयकनार नाही तिथं. म्हनतीन, म्हातारा भरमला." त्यांचा आवाज कापत होता, पण नजर तिच्या तोंडावरून हलत नव्हती. "गावापुढं तू तोंड उघड, पोरी. साऱ्याहिले दाखव. मंग बसव तुले पाह्यजे तसे."

थोबाडीत बसली होती ती त्याच वस्तीसमोर. तिथंच पुन्हा उभं राहायचं, तेही मास्क न लावता, ओठ मागे ओढून, प्रत्येकाला नीट दिसेल असं.  सुलक्षणानं नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि म्हातारा पुढे सरकून तिचे दात बघायला लागला, एकेक करून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिनं तोंड मिटलं नाही.